मंदाकाकूंच्या ट्रकचा तिसरा कंडेन्सर

“साहेब, ह्ये कागद तुमीच लिवलेत ना?”

मंदाकाकूंनी दोन जुनी जॉबकार्डं माझ्यापुढे धरली. त्यांचा ट्रक आमच्या नारायणगावच्या वर्कशॉपमध्ये उभा होता. केबिनच्या एसीतून गरम वारा येत होता आणि कंडेन्सर लीक होण्याची ही तिसरी वेळ होती. दोन्ही कार्डांवर ‘बिघाडाचे कारण’ या रकान्यात माझ्याच अक्षरात एकच गोष्ट लिहिलेली होती : स्टोन हिट. म्हणजे दगड लागला.

“हो, मीच लिहिलंय.”

“मग झालं तर. आमची गाडी टोमॅटो घिऊन डांबरी रस्त्यानं मार्केटला जाती आन् तशीच माघारी येती. दगड लागतो कुठं? खडी क्रशरच्या रस्त्याला. ह्यो माझ्या माघारी खडीच्या ट्रिपा मारतोय. गाडी नीट करा आन् चावी माझ्याकडं द्या. याला आजपासून सुट्टी.”

‘ह्यो’ म्हणजे त्यांचा ड्रायव्हर येसूभाऊ. आंबेगावच्या पश्चिम अंगाच्या डोंगरातला माणूस. घरी भात आणि नाचणीची थोडी खाचरं, ती पावसाळ्यापुरती. बाकी सगळं घर या स्टेअरिंगवर. सहा वर्षं तो काकूंकडे होता. टायरजवळ उभा राहून तो एवढंच म्हणाला, “काकू, विघ्नहराची आण, म्या क्रशरचं तोंडबी बघितलं न्हाई.”

“आण कशाला घेतो? इंजिनेरानं लिवलंय.”

मी मान खाली घातली. कारण मला एक गोष्ट आठवत होती. किंवा आठवत नव्हती, असं म्हणणं जास्त खरं. दगडाची खूण मी डोळ्यांनी पाहिलेली मला आठवत नव्हती.

कंडेन्सर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. ट्रकच्या नाकासमोर, रेडिएटरच्या पुढे, ॲल्युमिनियमची एक जाळी असते. एसीचा तापलेला गॅस तिच्या बारीक नळ्यांतून फिरतो, समोरच्या वाऱ्याने थंड होतो आणि वाफेचं पाणी व्हावं तसा त्याचा द्रव होतो. नळीला सुईएवढं भोक पडलं तरी गॅस निघून जातो. ही जाळी सगळ्यात पुढे असल्यामुळे तिला बहुतेक वेळा दगडच लागतो. म्हणून पहिल्या वेळी मी सवयीने ‘स्टोन हिट’ लिहिलं. दुसऱ्या वेळी पहिलं कार्ड बघून लिहिलं. आमच्या धंद्यात याला काम उरकणं म्हणतात.

“काकू, मला उद्या संध्याकाळपर्यंत वेळ द्या.”

“कशाला?”

“कारण शोधायला.”

“कारण तर तुमीच लिवलंय की!”

तरी त्यांनी वेळ दिला. चावी मात्र पर्समध्ये टाकून नेली. दुसरी चावी आमच्याकडे होती म्हणून काम सुरू झालं.

उरलासुरला गॅस मशीनने काढून घेतला आणि कंडेन्सर खाली उतरवला. त्यात नायट्रोजन भरला आणि साबणाचं पाणी मारलं. दगड लागला असता तर एका जागी खळगा असता आणि तिथूनच बुडबुडे आले असते. इथे खळगा कुठेच नव्हता. खालच्या चार-पाच ओळींतून मात्र सात ठिकाणी बुडबुडे येत होते. नळ्यांमधल्या पातळ पट्ट्यांना नखाने दाबलं तर त्या पापडासारख्या मोडत होत्या. हा मार नव्हता. हे कशाने तरी खाल्लं होतं.

कोपऱ्यातला चिखल खरवडला आणि त्याच्याखाली निळसर हिरवा थर दिसला.

तो रंग मला इंजिनीअरिंग कॉलेजात कोणी दाखवला नव्हता. आमच्या निमगाव सावाच्या घरात तो दोरीवर वाळत असायचा. माझे वडील दुसऱ्यांच्या द्राक्षबागांमध्ये फवारणीला जायचे. त्यांच्या शर्टाच्या बाह्या कायम त्या रंगाच्या. आई ते कपडे वेगळे धुवायची. त्या बाह्यांवर मी शिकलो आणि घरातला पहिला पदवीधर झालो. तो रंग मी कसा विसरेन? मोरचूद होतं ते. मोरचुदात तांबं असतं, आणि तांबं ॲल्युमिनियमवर बसून ओलं राहिलं की ॲल्युमिनियम झिजत जातं. हे दुसरं वाक्य तेवढं कॉलेजने शिकवलं होतं.

मी येसूभाऊला फोन लावला.

“येसूभाऊ, गाडी धुता कुठं?”

“कुठं म्हंजे? काकूंच्या मळ्यात, पिंपरी पेंढारला. दर संकष्टीला. धुतल्याबिगर ओझरला दर्शनाला न्यायची न्हाई, आसा काकूंचा हुकूम हाय.”

“धुता कशानं?”

“फवारणीच्या पंपानं! द्राक्षबागंतला ट्रॅक्टर लावायचा, टाकीत पाणी भरायचं, गन धरायची. लई प्रेशर, साहेब. म्होरच्या जाळीवर तर मी दहा-दहा मिन्टं मारतो. तुमीच सांगितलं व्हतं ना, जाळी साफ ठिवत जा म्हणून?”

सांगितलं होतं. पहिल्या दुरुस्तीच्या वेळी मीच सांगितलं होतं. त्याने ते मनावर घेतलं होतं.

मॅनेजर साहेबांकडे गेलो. म्हटलं, “सर, जुन्या दोन कार्डांवरचं कारण दुरुस्त करायचंय. दगड नव्हता, फवारणीचं औषध होतं.”

“कशाला? दगडाला वॉरंटी नाही आणि औषधालाही नाही. कागद बदलून फरक काय पडतो?”

“ड्रायव्हरला पडतो, सर. त्याची नोकरी चालली आहे त्या कागदावर.”

“म्हणजे आपण दोनदा चुकलो, असं लेखी द्यायचं?”

“आपण नाही. मी.”

त्यांनी फाईल माझ्याकडे सरकवली. “सही तुझी. पेनही तुझंच वापर.”

कागद दुरुस्त झाला, पण काकूंनी तो मानायला हवा होता. ‘आधी दगड म्हणालात, आता औषध म्हणताय,’ असं त्या म्हणणार आणि ते चूकही नव्हतं. म्हणून उतरवलेला कंडेन्सर त्याच दुपारी वर्कशॉपच्या गाडीत टाकला, येसूभाऊला सोबत घेतलं आणि पिंपरी पेंढारला गेलो. काकू बागेच्या बांधावर होत्या.

“काकू, विळा आहे का?”

“काय कापायचंय?”

“काही नाही. पंपाच्या टाकीत बुडवायचाय.”

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. द्राक्षवाल्यांना विळ्याची ही गोष्ट सांगावी लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. बागेवर मारायचं बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. चुना कमी पडला तर पानं करपतात. म्हणून जुनी माणसं मिश्रणात लोखंडी विळा धरतात. पात्यावर तांबडा थर चढला तर मोकळं तांबं अजून शिल्लक आहे, चुना वाढवा. थर चढला नाही तर फवारा.

टाकीच्या तळाशी निळं, गढूळ पाणी उरलं होतं. येसूभाऊ यातच विहिरीचं पाणी भरून गाडी धुवायचा. काकूंनी पाव्हण्यावर उपकार केल्यासारखा विळा आणून दिला. पण तो बुडवायला मी हात पुढे केला तर म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या, तुमाला जमायचं न्हाई,” आणि स्वतःच वाकून त्यांनी पातं तळाशी धरलं. थोड्या वेळाने बाहेर काढलं.

पातं तांबडं झालं होतं.

“मोरचूद याच टाकीत भिजवता ना?”

“व्हय. चुना मागनं पडतो.”

“न विरघळलेलं तळाला राहतं, तिथवर चुना पोचत नाही, ते हे. लोखंडावर चढलं तसंच ते ट्रकच्या जाळीवर चढतं. आणि मग भोक पाडतं.” मी कंडेन्सरचा निळा कोपरा त्यांच्यापुढे केला. पट्टी बोटाने दाबून दाखवली. ती मोडली.

“पानं करपत्यात तसं?”

“पानापेक्षा वाईट. पान नवं फुटतं.”

काकूंनी विळा गवताला पुसला. “म्हंजे जितकी धुतली तितकी खाल्ली?”

“हो.”

“आन् धुवायला लावायची मी.”

“जास्त धुवायला सांगितलं मी,” मी म्हणालो. “आणि दगड न बघता दगड लिहिला, तोही मीच. हे दुरुस्त केलेलं कार्ड. खाली सही आहे.”

काकूंनी कार्ड वाचलं. मग पर्समधून चावी काढली आणि येसूभाऊपुढे धरली. “घे. आन् तोंड काय पाडलंय? घरात जा, समद्यांसाठी चा टाकायला सांग.”

येसूभाऊने चावी घेतली. दोन पावलं गेला आणि वळून म्हणाला, “काकू, एक डाव क्रशरला जाऊन येऊ का? निदान रस्ता तरी म्हाईत पाहिजे राव.”

“जातो का घालू विळा?” काकू म्हणाल्या, पण हसत होत्या.

पुढचं काम सरळ होतं. नवा कंडेन्सर बसवला, जोडावरच्या रबरी रिंगा बदलल्या, गॅसमधली ओल शोषणारा ड्रायर नवा टाकला. पाऊण तास व्हॅक्यूम ओढला, म्हणजे आतली हवा आणि ओल काढली. मग वजन करून गॅस भरला. केबिनमध्ये बसलेला येसूभाऊ एसीच्या झरोक्यापुढे हात धरून म्हणाला, “आता लागतंय बघा माळशेजच्या वाऱ्यावानी.”

त्यानंतर दोन उन्हाळे गेले. कंडेन्सर अजून तोच आहे. काकूंनी फवारणीच्या टाकीवर रंगाने लिहून ठेवलंय, ‘गाडीला हात लावू नये’. संकष्टीला येसूभाऊ आमच्याच वर्कशॉपच्या साध्या नळावर गाडी धुतो, तिथून ओझरला जातो आणि परतताना खोबऱ्याचा तुकडा मॅनेजर साहेबांच्या टेबलावर ठेवतो. आधी ते “पाणी कोणाचं वापरतोय हा?” असं विचारायचे. आता खोबरं यायला उशीर झाला की विचारतात.

वडिलांना सगळं सांगितलं तर ते म्हणाले, “विळ्याचं तर कुणीबी सांगितलं असतं.” खरं आहे. फक्त विचारावं लागलं असतं.

आमच्या जॉबकार्डावर ‘बिघाडाचे कारण’ हा रकाना पहिल्या ओळीत छापलेला आहे. तो मी आता सगळ्यात शेवटी भरतो.