दुसरं कडवं

रेडिओला पाठवायच्या फर्माइशीच्या कार्डावर नावं टाकायची आमच्याकडे एक पद्धत होती, आणि ती मला पुरती माहीत होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला माफ करायचा मोह कुणाला होणार नाही.

बदनापुरात आमचं घर स्टेशनाजवळ होतं. बाबा रेल्वेत गँगमन. शेजारी एका मुसलमान टेलरमास्तरांचं दुकान, आणि रेडिओ त्यांच्याकडेच. रविवारी दुपारी हिंदी गाण्यांच्या फर्माइशीचा कार्यक्रम लागला की अख्खी गल्ली त्यांच्या ओट्यावर. गाण्याच्या आधी निवेदक गावांची आणि माणसांची नावं वाचायचा. खरं सांगायचं तर लोक गाण्यापेक्षा नावांसाठीच बसायचे. कार्ड लिहिणारा एक आणि नावं दहा, असा प्रकार. पाळण्यातली पोरं, सासरी गेलेल्या बहिणी, जन्मात रेडिओ न ऐकलेल्या म्हाताऱ्या, सगळ्यांनाच त्या गाण्याची आवड असायची. मीसुद्धा एकदा मायचं नाव टाकलं होतं. ते रेडिओवर आलं तेव्हा ती ज्वारी निवडत होती. तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला आणि मग आठवडाभर गल्लीत तेच सांगत फिरली.

आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. माय रानात कामाला जायची, घरचं बघायला कुणीतरी हवं, म्हणून सातवीनंतर तिची शाळा सोडवली. ती भाकरी थापायला बसली म्हणून मी अकरावीपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकपर्यंत पोचले. गल्लीतून मॅट्रिकला बसणारी मी पहिली मुलगी, आणि त्याची घमेंड मला चांगलीच होती. आक्काला आष्टीला दिलं होतं. तेव्हा जालना जिल्हा व्हायचा होता. आष्टी परभणीत आणि आम्ही औरंगाबादेत, त्यामुळे मायला ती परमुलखात गेल्यासारखी वाटायची.

त्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास आष्टीच्या बाजाराहून आलेल्या ओळखीच्या बाईनं मायला गाठलं. "पोरीचं तोंड सुजल्यावानी दिसून राह्यलं. पायात चप्पल बी जाईना. तुम्ही तिला जल्दी घेऊन या." आक्काला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आज ना उद्या आणायचीच होती, पण सासरचे म्हणत होते की कापूस वेचून होऊ द्या. मायला आता दम निघेना. सोमवारच्या गाडीनं परतूरला उतरून पुढे आष्टी गाठायची आणि तिला घेऊनच यायचं, असं बाबांनी ठरवलं.

मला ती नको होती. हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. परीक्षा मार्चमध्ये होती. आक्का आली की दोन खणांच्या घरात तिचं अंथरूण, तिचं पथ्यपाणी, मग बाळ, मग दुपट्यांचे ढीग, आणि माय रानात गेल्यावर हे सगळं माझ्या गळ्यात. जिनं माझ्यापायी पाटीदप्तर सोडलं, तिच्यासाठी दोन महिने पुस्तक मिटायची माझी तयारी नव्हती. इतकी मी हुशार होते.

रविवारी माय माझ्याबरोबर ओट्यावर येऊन बसली. निवेदकानं परतूर-आष्टीचं नाव घेतलं. आधी आक्काच्या दिराचं नाव, मग आणखी तीन-चार, आणि शेवटी आक्काचं. माय ताडकन उठून उभी राहिली. तिनं फक्त शेवटचं नाव ऐकलं होतं.

गाणं सुरू झालं. मायचं हिंदी बाजारापुरतं. गाण्यातलं तिला कळायचं नाही. तिनं माझा खांदा धरला. "काय म्हणून राह्यली गं ती?"

ती म्हणजे गाणारी बाई नव्हे. ती म्हणजे आक्का.

सासरी गेलेली मुलगी आईला सांगते आहे, असं ते गाणं होतं. पहिल्या कडव्यात ती म्हणते, माझ्या अंगणात सगळं भरून आहे, माणसं मायेची आहेत, तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. मी ते मायला शब्दाशब्दानं समजावलं, थोडं माझ्या पदरचंही घातलं. मायचे डोळे भरून आले. तेवढ्यात दुसरं कडवं लागलं. त्यात ती म्हणते, रस्त्याकडे बघून बघून डोळे शिणले, कुणाला तरी न्यायला पाठव. ते मला स्वच्छ कळलं.

"अन् पुढं?" मायनं विचारलं.

"पुढं तेच हाय परत," मी म्हणाले.

मास्तरांचं मशीन थांबलं. माय घरात गेल्यावर ते हळूच म्हणाले, "बेटी, आगे का भी बता देती अम्मा को."

"गाणंच तर हाय, चाचा," मी म्हणाले. पहिलं कडवं आक्काचं पत्र आणि दुसरं नुसतं गाणं. काय सोयीचा कान होता माझा. मास्तरांनी पुन्हा पाय चालवायला सुरुवात केली. परक्याच्या घरच्या गोष्टीत माणसानं बोलून बोलून किती बोलावं.

संध्याकाळी मायनं बाबांना सांगितलं, "खुशीत हाय पोरगी. तिनं सोता कळवलं. मंग कशाला घाई करता? हिची परीक्षा होऊ द्या, मंग आणू." बाबा म्हणाले, "बराबर हाय." सोमवारी ते रोजच्यासारखे डबा घेऊन लाइनवर गेले.

तीन आठवड्यांनी आक्काचा दीर आमच्या दारात उभा राहिला. तिला सकाळी झटके आले होते. बैलगाडीत घालून परतूरच्या दवाखान्यात नेत होते, पण ती वाटेतच गेली. बाळही पोटातच गेलं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्यात गेलेल्या माणसासाठी वंदना घेतात त्या दिवशी, आक्काचा दीर पाणी प्यायला रांजणापाशी आला. मी तिथंच होते. मी त्याला त्या गाण्याचं विचारलं. त्याला आधी आठवेना. मग म्हणाला, "हां, ते. दिवाळीच्या आधी कार्ड टाकलं होतं. सगळ्या घरादाराची नावं टाकल्ती. वहिनीला काय ठाव न्हाई, त्या रानात गेल्त्या." दिवाळीच्या आधी. तेव्हा तिचं तोंड सुजलेलंही नव्हतं. म्हणजे पहिलं कडवंही तिचं नव्हतं, दुसरंही नव्हतं. पण न्यायला या, हे खरं होतं, आणि ते एका परक्या बाईच्या तोंडून का होईना, माझ्या कानापर्यंत आलं होतं. मी ते मधल्यामध्ये गिळलं.

मी परीक्षेला बसले आणि पास झाले. पुढे मास्तरीण झाले आणि अठ्ठावीस वर्षं पोरांना कवितांचे अर्थ सांगत राहिले. अर्थ विचारायला कुणी हात वर केला की मी आधी कविता शेवटच्या कडव्यापर्यंत वाचून घ्यायचे. टेलरमास्तर ओट्यावरून "पास हो गई, बेटी?" म्हणाले, त्यापलीकडे त्यांनी कधी काही विचारलं नाही. त्यांनी ओरडून सगळ्या गल्लीला सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

मायला मी काहीच सांगितलं नाही, ना कार्डाचं, ना कडव्याचं. आधी हिंमत नव्हती, नंतर तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं. बायका म्हणायच्या, वेळेवर आणली असती तर पोर वाचली असती. माय त्यांच्यावर चिडायची नाही. मला जवळ ओढून त्यांना सांगायची, "न्हाई बाई, सुखात होती माझी लेक. मी अडाणी, मला काय कळलं असतं? ही शिकल्याली होती म्हणून मला तिचं मन कळलं तरी."