डॉक्टरचं स्थळ

लेकीच्या लग्नाच्या फोटोत बाप जरा बरा दिसावा, म्हणून मी टकलावर केस लावून घ्यायला बारामतीच्या एका क्लिनिकमध्ये बसलो होतो. मिक्सर घेताना मी चार दुकानं फिरलो होतो. डोकं मात्र नुसत्या जाहिरातीवर भाळून आणलं होतं.

शेजारी निरवांगी गावच्या एक बाई होत्या. सोबत त्यांची मुलगी, गालावर भाजल्याचा डाग. बाई पदर सावरून काउंटरपाशी गेल्या आणि स्थळाची चौकशी करावी तशा विचारू लागल्या.

"डॉक्टर शिकल्यात कुठं? प्लास्टिक सर्जन हायती, का नुसता कोर्स केलाय?"

"सरांचे खूप फॉलोअर्स आहेत, मावशी."

"ते ऱ्हाऊ दे. भूल कोण देतं?"

"स्टाफ देतो."

"स्टाफला नाव असंल की."

काउंटरवरची ताई गोड हसली. "आजच बुकिंग केलं तर सवलत आहे."

बाईंनी मुलीचा हात धरला. "ज्याला घाई, त्याला आमी पोरगी देत न्हाय. तिचा चेहरा तर न्हायच न्हाय."

दारात थांबून त्यांनी माझ्या डोक्याकडं पाहिलं. "भाऊ, तुमचं जमलं का हितं?"

"बोलणी मोडली," म्हणालो, आणि त्यांच्या मागोमाग जिना उतरलो.