गोवराच्या घरचा बैल

आमच्या औंढ्यात बी.ए. झालेला पहिला माणूस मी. हे सांगताना मी मान खाली घालत नाही, कारण ती पदवी मला कुणी आंदण दिलेली नव्हती. आबा, म्हणजे माझे वडील, भातशेती करायचे. त्यांना सही येत नव्हती, पण लोणावळ्याच्या बाजारात तांदूळ विकायला बसले की गिऱ्हाइकाला माझी पदवी आधी आणि तांदूळ मागाहून मिळायचा. "आमचा धाकला बीये झालाय," एवढं झाल्याशिवाय आबा पायली भरत नसत. मला ते आवडायचं. मी बाजूला उभा असलो तर सदऱ्याची बटणं नीट करून घ्यायचो.

पदवी मिळाल्यावर मी तळेगावच्या शाळेत शिकवायला लागलो होतो आणि शनिवारी दुपारची गाडी पकडून घरी यायचो. चैत्र लागला होता. त्या शनिवारी घरापाशी आलो तर दाराच्या चौकटीला कडुलिंबाचा टहाळा खोचलेला. आमच्याकडे असा टहाळा दिसला की जोडा बाहेर काढायचा, पाय धुवायचे आणि आवाज खाली आणून आत शिरायचं. गोवर झालाय असं कुणी म्हणत नाही. बया आलीय म्हणतात.

बया आली होती माझ्या पुतणीच्या अंगात. थोरल्या भावाची ही मुलगी पाचेक वर्षांची. एरवी गोठ्याच्या आढ्याला लोंबकळणारी, रेड्याच्या पाठीवर उभी राहणारी. ती कोपऱ्यात गोधडीवर पडली होती. तोंड, मान, छाती सगळी लाल पुरळानं भरलेली, डोळे चिकटलेले, नाक वाहतंय. आणि तिच्यासमोर आबा हात जोडून बसले होते. ज्या आबांनी आयुष्यात तहसीलदारालाही हात जोडले ते मोठ्या नाखुषीनं, तेच आबा नातीला म्हणत होते, "आई, काय चुकलं-माकलं आसंल तर पदरात घे." नातीनं त्यांच्याकडे एक डोळा किलकिला करून पाहिलं. मला खात्री आहे, तापातसुद्धा तिला त्याची मजा वाटत होती.

घरात फोडणी बंद, तळण बंद. आईनं केससुद्धा विंचरले नव्हते. या सगळ्या बंदोबस्ताच्या मुख्य होत्या शेजारच्या मावशी. त्या आमच्या नात्यातल्या नव्हत्या, पण गावात कुणाच्याही घरी गोवर, कांजिण्या, गालगुंड आले की बोलावणं त्यांनाच. आज विचार केला तर त्यांचं पुष्कळसं बरोबर होतं. खोलीत अंधार ठेवायचा, अंगावरून लिंबाची डहाळी हळू फिरवायची म्हणजे खाज निघते आणि नखं लागत नाहीत, खायला मऊ भात. एक नियम मात्र वाईट होता. पाणी द्यायचं नाही. पाणी पोटात गेलं की गोवर आत बसतो, बाहेर फुटत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. मुलगी पाणी मागायला लागली की ओठांवर ओलं फडकं फिरवायचं, बस्स.

माझी वहिनी मुलीच्या उशाशी बसून होती. तिचा पहिला मुलगा गोवरातच गेला होता, याच कोपऱ्यात, याच नियमानं. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. मी जवळ बसलो तशी ती खाली बघूनच म्हणाली, "भावजी, कालपास्नं मुतली न्हाई."

तिन्हीसांजेला दिवा लागला आणि मावशींनी मुलीला कुंकू लावलं. गावातल्या चार बायका पोरांना कडेवर घेऊन दर्शनाला आल्या होत्या. पोरांची डोकी एकामागून एक माझ्या पुतणीच्या पायावर टेकवली जात होती. मग मावशींनी ओलेत्यानंच पदर पसरून विचारलं, "बया, काय ल्येशील? काय खाशील?"

आमच्याकडची रीत अशी की दिवा लागल्यावर पोर जे बोलतं ते पोराचं नसतं, बयेचं असतं. मागेल ते द्यावंच लागतं. दिवसा तेच पोर काही मागायला लागलं तर तो हट्ट.

"हिरव्या बांगड्या," मुलगी बसक्या आवाजात म्हणाली.

माझा भाऊ तसाच उठला आणि लोणावळ्याच्या वाटेला लागला. बांगड्यांचं दुकान बंद व्हायच्या आत पोचायला हवं होतं. मी बघत राहिलो. बांगड्यांसाठी बाप धावतो आणि पाण्यासाठी फडकं.

रविवारी सकाळी मी लोणावळ्यात डॉक्टरांकडे गेलो. हे डॉक्टर म्हातारे होते. बोलताना रोग्याकडे कमी आणि त्याला घेऊन आलेल्याकडे जास्त बघायचे.

"गोवराला औषध नाही," ते म्हणाले. "तो आपल्या पायांनी येतो आणि आपल्या पायांनी जातो. मुलं दगावतात ती त्याच्या मागून जे येतं त्यानं. पाणी उकळून गार करून द्या, घोट घोट, पण सतत. भाताची पेज द्या, चिमूटभर मीठ घालून. डोळ्यांवर उजेड नको. घरातली आणि गावातली पोरं तिच्यापासून लांब ठेवा."

"पाणी देऊ देत नाहीत."

"तुम्ही शिकलेले दिसता. समजावून सांगा."

"बी.ए. झालोय."

"विषय?"

"तर्कशास्त्र."

"मग अवघड आहे," डॉक्टर म्हणाले आणि जरा हसले. लगेच गंभीर होऊन म्हणाले, "श्वास जलद चालायला लागला, छाती आत ओढली जायला लागली, किंवा मुलगी हाकेला डोळे उघडेना, तर मला बोलवा. मग टहाळा असो की तोरण असो, मी आत येणार."

घरी येऊन मी अंगणात मावशींना समजावायला बसलो. ताप आला की अंगातलं पाणी कसं आटतं ते सांगितलं. उन्हाळ्यात खाचराला भेगा पडतात त्याचा दाखला दिला. आबा मान डोलवत होते, मला वाटलं जमलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

"पोरा, तुला ल्हानपनी गोवर आल्ता का?"

"आला होता."

"सांभाळला कुनी?"

"तुम्हीच."

"पानी दिल्तं का म्या?"

"नाही."

"मंग मेलास का?"

अंगणात हसू फुटलं. आबासुद्धा हसले. या युक्तिवादात खोट कुठे आहे ते मी परीक्षेत दोन पानं भरून लिहिलं असतं. पण दाराआडून वहिनी ऐकत होती. जे वाचले ते सांगायला असतात आणि जे गेले ते नसतात, हे तिच्यासमोर तोंडानं म्हणणं मला जमलं नाही. आत मुलगी "पानी, आये, पानी" करत होती, आणि रडताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की समजूत घालून हा किल्ला पडणार नाही. यांचा एक नियम म्हणतो पाणी द्यायचं नाही, आणि दुसरा म्हणतो बया मागेल ते द्यायचं. दोन नियमांची गाठ घालून द्यायची. अडचण एवढीच की मावशी फक्त ल्यायचं आणि खायचं विचारायच्या. प्यायचं कुणी विचारतच नव्हतं. आणि विचारायचा मान ओलेत्यानं पदर पसरणाऱ्याचा किंवा लोटांगण घालणाऱ्याचा.

मी कॉलेजात गेल्यापासून देवळात जायचं सोडलं होतं. गावाला ते माहीत होतं. त्या तिन्हीसांजेला दिवा लागताच मी विहिरीवर जाऊन दोन घागरी अंगावर ओतून घेतल्या आणि धोतरातून पाणी निथळत आत आलो. आबांचा चेहरा असा झाला की जणू त्यांचा एखादा बैल बोलायला लागला. मी गोधडीसमोर सपशेल आडवा झालो आणि मोठ्यांदा विचारलं, "बया, काय पिशील?"

"पानी," मुलगी म्हणाली. "लय पानी."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझा डाव कळला होता. पण ओलेत्यानं विचारलेलं होतं आणि चारचौघांत उत्तर आलं होतं.

"बयानंच मागितलं," आई हळूच म्हणाली.

"मागितलं खरं," मावशी म्हणाल्या. "मंग बयाचं पानी बयावानी द्यायचं. लिंबाचा पाला टाकून."

वहिनीनं उकळून गार केलेलं पाणी तयारच ठेवलं होतं. तिला मी दुपारीच सांगून ठेवलं होतं. फुलपात्रात मूठभर पाला पडला. मुलीनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि थुंकला.

"कडू हाय. नको."

"बगा," मावशी म्हणाल्या, "बयाला नको हाय."

वहिनीनं फुलपात्र मागे घेतलं. मी खाली आडवाच होतो. उठायचं सुचलं नाही. तेवढ्यात माझी पुतणी कोपरावर टेकून वर झाली आणि मला निरखायला लागली. एवढा मोठा काका पालथा पडलेला तिनं कधी पाहिला नव्हता.

"काका बैल झाला तर मी पिईन," ती म्हणाली.

मी मावशींकडे पाहिलं. त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "बयाचं ऐकायचं तर समदं ऐकायचं, बीयेसाहेब. न्हाईतर काईच न्हाई."

मी हातापायांवर आलो. आबांनी गोठ्यातून घुंगुरमाळ आणून माझ्या गळ्यात अडकवली. ते इतक्या तत्परतेनं गेले आणि आले की मला शंका येते, त्यांना ही गोष्ट मनापासून पसंत होती. मी गोधडीभोवती एक फेरा मारला. घुंगरं वाजली. ओसरीवर बायका हसायला लागल्या, भावानं "हो हो, ढवळ्या" म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली.

"बैलाला पाला घाला," मुलीनं हुकूम सोडला.

वहिनीनं फुलपात्रातला पाला काढून माझ्या तोंडासमोर धरला. मी तो चावून चावून खाल्ला. कडुलिंबाचा ओला पाला काय चीज आहे ते ज्यानं खाल्लं त्यालाच ठाऊक. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते बघून मुलगी खुदकन हसली. त्या घरात बया आल्यापासूनचं पहिलं हसू. मग तिनं पाला काढलेलं ते पाणी प्यायला सुरुवात केली. एक घोट, दुसरा घोट. वहिनी फुलपात्र धरून बसली होती.

"बैल पुन्ना फिरव."

मी फिरलो. ती प्यायली. दारात दर्शनाला आलेली पोरं आत घुसायला बघत होती, तेव्हा डॉक्टरांचं दुसरं म्हणणं आठवलं. मी डोकं खाली घालून शिंगं रोखली आणि हंबरत दाराकडे गेलो. पोरं किंचाळत अंगणात पळाली. "मारका हाय," मी आत तोंड करून सांगितलं. "बयाच्या बैलाला गर्दी खपत नाही." मावशी भिंतीला टेकून हसत होत्या.

झोपण्याआधी वहिनी बाहेर आली, तिच्या हातात गोधडी होती.

"भिजवली," ती म्हणाली.

ओल्या गोधडीचा एवढा आनंद मी पुन्हा कुठे पाहिला नाही. आईनं ती हातात घेऊन बघितली, आबांनी बघितली. मावशींनीसुद्धा चाचपून बघितली आणि म्हणाल्या, "बरं झालं." एवढंच. पण घरी जाताना दारातून वळून म्हणाल्या, "उद्या पानी दुपारीबी द्या. बयाला सवय लागली आसंल."

पुढचे काही दिवस मी तळेगावला गेलो नाही. बैलाचं काम सकाळ-संध्याकाळ चाललं. पाण्याच्या मागून पेज आली, पेजेच्या मागून ताकभात. पुरळ काळपट पडून त्याचा कोंडा झाला, डोळे उघडले, खोकला तेवढा बरेच दिवस रेंगाळला. मग मावशींनी लिंबाच्या पाण्यानं मुलीला आंघोळ घातली आणि दहीभात घेऊन शिवेपर्यंत जाऊन बयेला निरोप दिला. मुलगी हिरव्या बांगड्या वाजवत सगळ्यांच्या पुढे चालत होती. परत येताना तिला चालायचा कंटाळा आला. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, मी वाकलो, आणि मुलगी पाठीवर बसून घरी आली.

त्याच महिन्यात पाटलांच्या नातवाला गोवर निघाला. मी शनिवारी घरी पोचलो न पोचलो तोच मावशींचा निरोप आला, ताबडतोब ये. मी धावत गेलो. मला वाटलं, पोरगं गंभीर असेल. आत जाऊन बघतो तर पोरगं फुलपात्राकडे डोळे लावून बसलेलं, आणि गावचे पाटील, मोठ्या पोटाचे आणि पांढऱ्या मिशांचे, गळ्यात घुंगुरमाळ घालून चार पायांवर ओणवे झालेले. बायका दारात गर्दी करून होत्या आणि एकही मूल आत नव्हतं. त्याची काळजी मावशींनी स्वतः घेतली होती.

"ह्यांचा वाद चाललाय," मावशी मला म्हणाल्या. "पाटील म्हनत्यात, आदी पोरानं पानी पियाचं, मंग बैलानं पाला खायाचा. तू सांग. तुझ्या वक्ताला कसं झाल्तं?"

"पाला आधी," मी म्हणालो. "पाला निघाल्याशिवाय पोर पाणी पीत नाही."

पाटलांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ती मी अजून विसरलो नाही. मग त्यांनी पाल्यासाठी तोंड उघडलं.