पेवाच्या तोंडाशी

आमच्या नेर तालुक्यात तेव्हा डास असे होते की दोघं मिळून बकरी उचलून नेत. हे मी स्काउटमास्तरांना शपथेवर सांगितलं आणि स्वतःच अडकलो. ते म्हणाले, मग तुझं सेवाकार्य तेच. गावच्या विहिरीपाशी सांडपाण्याचं डबकं आहे, तिथे शोषखड्डा खण आणि छातीवर बिल्ला लाव.

विहीर बौद्ध वस्तीतली. माझा जोडीदारही तिथलाच, माझ्याच वर्गातला, माझ्याच पथकातला. त्याच्या घरच्यांनी दीक्षा घेऊन दोन-तीन वर्षं झाली होती. त्याची आई दारात तूर पाखडता पाखडता आमची मापं काढत होती.

"खड्डा खंदून राह्यले का जमिनीले गुदगुल्या करून राह्यले?"

खड्डा कमरेएवढा झाला. तो आत सब्बल, म्हणजे पहार, मारत होता आणि मी काठावरून शिट्टी वाजवत होतो. त्याशिवाय कामाला शिस्त येत नाही. एका घावाला सब्बल खाली गेली, ती गेलीच. तिच्यामागे तोही गेला. किंकाळी नाही, काही नाही. माझ्यासमोर नुसतं काळं भोक. शिट्टी दातांत तशीच राहिली.

जुनं पेव होतं ते. पूर्वी लोक ज्वारी जमिनीखाली साठवत. तोंड अरुंद, पोट रांजणासारखं. मालक मेले, गाव विसरलं, वर माती बसली. तो आत दीड पुरुष खाली, कोसळलेल्या ढिगावर झुलत उभा होता.

मी कमरेला दोर बांधून उडी घेणार तोच मागून गळा आवळला. त्याच्या आईनं माझा स्कार्फ धरला होता.

"उतरू नोको."

"मावशे, तो खाली हाये."

"मले दिसते. बंद पेवात हवा नसते. उतरला तो झोपते. मंग तुले काढाले कोण उतरल?"

पोटचा पोरगा खाली, आणि ही मला धरून. ती काठावर पालथी पडली, स्कार्फ काही सोडला नाही.

"बाबू, खाली बसू नोको."

"माय, मले झोप येऊन राह्यली."

"मुडद्या, शाळेत झोपत जाय. उभा राय."

बाया धावत आल्या. कडुलिंबाच्या फांद्या दोराला बांधून त्या भोकात खालवर करू लागल्या, हवा घुसळायला. मी कमरेचा दोर सोडून त्याला फास करायला घेतला. ती गाठ डोळे मिटून बांधतो असं मी गावभर सांगत फिरायचो. उघड्या डोळ्यांनी ती पुन्हा पुन्हा सुटली. शेवटी दोर खाली गेला. पोरगा दोराकडे नुसता पाहत राहिला. गुडघे वाकू लागले.

तिच्या शिव्या थांबल्या. तान्ह्याशी बोलावं तशी ती बोलली, "हात वर कर बाप्पा. सदरा घालू."

त्याचे हात वर गेले. फास काखेत बसला. आम्ही सगळ्यांनी ओढलं.

तो ओकला, पाणी मागितलं. ओठ जांभळे होते. मी तिथेच मातीत बसकण मारली.

मी उठायला गेलो तर उठता येईना. स्कार्फ अजून तिच्या मुठीत होता. "सोड ना मावशे," मी म्हणालो. तिनं मुठीकडे पाहिलं, जोर लावला. बोटं उघडेनात. मग तो सरकत जवळ आला आणि एकेक बोट सोडवत बसला.