मुराळ्याची मोटारसायकल

"मोटारसायकलीतलं मला थोडंफार कळतं," असं मी एकदा आष्ट्याला, सासुरवाडीच्या ओट्यावर चहा पिता पिता बोलून गेलो. वास्तविक सायकलची उतरलेली चेन मला हात काळे करूनही बसवता येत नाही. पण जावई म्हणून बसलेल्या माणसाच्या तोंडून असं काहीतरी निघतंच. दुर्दैवाने समोर बसले होते ते आमच्या सौभाग्यवतींचे थोरले बंधू, आणि हे गृहस्थ म्हणजे न घेतलेल्या मोटारसायकलींचे सगळ्या दक्षिण महाराष्ट्रातले सर्वांत मोठे जाणकार होते. घेतलेल्या गाडीविषयी कोणीही बोलतं. तिचं तोंड बंद असतं आणि आपलं उघडं. न घेतलेल्या गाडीविषयी इतकी वर्षं, इतक्या खोलात जाऊन, इतक्या पोटतिडकीने बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांनी बशी खाली ठेवली, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मग पाव्हणं, येत्या ऐतवारी चला की माझ्यासंगं. एक गाडी बघायची हाय." त्यानंतरचे माझे सगळे ऐतवार त्या एका ऐतवारातून जन्मले. आता पन्नाशीकडे झुकल्यावर पाठ दुखते तेव्हा डॉक्टर विचारतात, जड काही उचलता का? मी म्हणतो, नाही, मेहुणे आहेत.

हे मेहुणे, म्हणजे आमचे दादा, पलटणीतून सुभेदार होऊन आले होते. पलटणीत त्यांच्या ताब्यात बंदुका-तोफा नव्हत्या, खेचरं होती. डोंगरावर रसद चढवणारी खेचरं पारखण्यात उभी नोकरी गेली, त्यामुळे मोटारसायकलीकडेही ते त्याच नजरेनं बघायचे. दुकानात शिरले की आधी गाडीच्या मागून न जाता बाजूने जायचे. तिच्या टाकीवर दोनदा थोपटायचे. मग उकिडवे बसून पोटाखाली हात घालायचे आणि पुढचं चाक असं उचलून बघायचे की मला वाटे, आता नाल ठोकतील. दुकानदार इंजिनची ताकद सांगत असायचा आणि दादा मला हळूच म्हणायचे, "मान लांब हाय. चढाला थकंल."

त्यांना हवी होती एकच गाडी, पण ती अशी हवी होती की डांबरी सडकेवर तिनं मोटारीसारखं पळावं आणि माळावर बैलासारखं चालावं. कारण त्यांची थोरली बहीण, आम्हा सगळ्यांची आक्का, दिलेली होती वडूजच्या पलीकडच्या एका वस्तीवर. आष्ट्याहून कराडमार्गे वडूजपर्यंत सडक होती. वडूजच्या पुढे एका फाट्यावर एस्टी माणसाला उतरवून निघून जायची आणि तिथून आक्काच्या वस्तीपर्यंत नुसता माळ, मध्ये वाळूचा एक ओढा, आणि दुष्काळी कामावर खडी टाकून ठेवलेला अर्धा रस्ता. तो रस्ता दुष्काळ पडला म्हणून सुरू झाला आणि पाऊस पडला म्हणून थांबला. खडी पसरली होती, तिच्यावर रूळ फिरायचा राहिला होता. त्या खडीवर बैलगाडीसुद्धा कण्हत जायची.

तर त्या वाटेवरचा एक धोंडा दादांनी उचलून आणला होता. चांगला नारळाएवढा. तो खाकी पिशवीत घालून ते सांगलीतल्या दुकानांतून हिंडायचे. एका दुकानात तर त्यांनी तो धोंडा चकचकीत फरशीवर मधोमध ठेवला आणि म्हणाले, "मालक, ही तुमची गाडी ह्येच्यावरनं वलांडून दाखवा."

मालक धोंड्याकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो.

"सुभेदार, फरशी नवी आहे हो."

"मग भाईर चला. धोंडा मी घेतो."

"पण हा धोंडा कुठला?"

"आमच्या भनीच्या वाटंवरला. समदी वाट असलीच हाय."

"मग गाडी कशाला शोधताय? वाटेतले धोंडेच काढून टाका की!"

दादांनी त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. "ह्यो एक काढलाय न्हवं?" म्हणाले, आणि धोंडा पुन्हा पिशवीत घातला.

त्या काळी नवी गाडी मिळायची म्हणजे नाव नोंदवून वाट बघत बसावं लागे. लोक नंबर लागावा म्हणून देवाला नवस बोलायचे. दादांचा नंबर दोनदा लागला आणि दोन्ही वेळा त्यांनी तो सोडला. एकदा सायलेन्सर खाली होता, ओढ्यात पाणी पिईल म्हणून. दुसऱ्यांदा मागची सीट अरुंद होती. ही मागची सीट हे एक वेगळंच प्रकरण होतं. तासगावच्या एका द्राक्षबागाईतदाराकडे दोन सायलेन्सरची नवी गाडी आली होती, ती बघायला आम्ही भर बाजारच्या दिवशी गेलो. दादा पुढे बसले आणि मला म्हणाले, "बसा पाव्हणं."

मी पाय टाकून बसायला लागलो तर म्हणाले, "तसं न्हवं. बाईमाणसागत बसा. आक्काला नऊवारी लुगडं असतंय."

"दादा, लोक बघताहेत."

"बघू द्यात की. तुमास्नी गाडीतलं कळतं म्हणूनच आणलाय न्हवं?"

शेवटी मी दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसलो. मांडीवर त्यांनी आपलं धोतरजोडीचं गाठोडं दिलं, कारण आक्काच्या मांडीवर गाठोडं असणार. अशा थाटात तासगावच्या पेठेतून आमची वरात निघाली. बेदाण्याची पोती उतरवणारे हमाल पोती खाली ठेवून बघत राहिले. तेवढ्यात आमच्या कचेरीतले हेडक्लार्क समोरून आले आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "काय, माहेरी निघालात वाटतं?" सोमवारी मी रजा टाकली.

दुसऱ्या खेपेला पलटणीतल्या एका दोस्ताची अवजड, धडधडणारी गाडी त्यांनी मागून आणली. ती सडकेवर मोठी झोकात चालली. तिच्या आवाजाने माझे दात एकमेकांशी बोलत होते, तरी मला आनंद झाला, की चला, सुटलो. पण आक्काच्या भागात मेंढरं फार. गाडीनं मेंढरं बुजता कामा नयेत, नाहीतर वस्तीवर बहिणीला बोल लागेल, म्हणून दादांनी वडूजच्या अलीकडे एक कळप बघून मुद्दाम गाडी जवळून नेली. अर्ध्या मिनिटात कळप तीन दिशांना गेला. मेंढपाळ काठी उगारून ओरडला, "आरं ए पलटणीच्या! ही मेंढरं काय पाकिस्तानची हायती व्हय?" ती मेंढरं गोळा करण्यात आमची दुपार गेली. एक कोकरू मी स्वतः खांद्यावरून आणलं. दादा मात्र समाधानात होते. "बघा," म्हणाले, "आधी बघिटलं म्हणून बरं. न्हाई तर आक्काच्या दारातच ह्ये झालं असतं."

शेवटी एकदा माझी सहनशक्ती संपली. परतीच्या एस्टीत मी म्हणालो, "दादा, आक्कांना आणायचंच तर एस्टीनं आणा ना! एवढी वर्षं गाडी कसली निवडताय?"

दादा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एस्टीनं उसाचा हिशेब सांगाया कारखान्यावर जात्यात. भनीला न्यायला न्हाई."

ह्या बोलण्यामागचं सगळं मला आधीच हिच्याकडून, म्हणजे माझ्या बायकोकडून, तुटक तुटक कळलं होतं. नागपंचमीला सासरवाशिणीला माहेरी न्यायला जो माणूस जातो, तो मुराळी. भाऊ मुराळी म्हणून दारात उभा राहिला की त्या बाईची मान वर्षभर ताठ असते. दादा पलटणीत, वडील थकलेले. म्हणून आक्काला न्यायला दरवर्षी गाडीबैल आणि गडी जायचा. शेजारच्या बायका म्हणायच्या, "हिला भाऊ हाय का नुसता गडीच हाय?" एका पंचमीला आक्कानं गडी तसाच परत पाठवला. निरोप दिला, भावाला सवड झाली की येईन. त्यानंतर ती लग्नाकार्याला, मयताला आली, पाणी पिऊन परत गेली. पंचमीला कधी आली नाही. दादा पेन्शनीवर आले, त्यांना सवडच सवड झाली. पण इतक्या वर्षांनी जायचं ते जाण्यासारखं गेलं पाहिजे, हे त्यांच्या डोक्यात बसलं. वाहन असं हवं की वस्तीनं तोंडात बोट घालावं. आणि तसं वाहन काही मिळेना. पंचम्या येत होत्या, जात होत्या.

मग एका आषाढात वडूजकडचा एक पाव्हणा आष्ट्याला आला आणि ओट्यावर बसल्या बसल्या त्यानं आक्काचा निरोप सांगितला. "डोळ्यावर सारा आलाय म्हणं, दिसाया कमी झालंय. म्हणाली, भावाला म्हणावं, माहेर दिसतंय तवर ने."

दादा उठून आत गेले. चार दिवसांनी त्यांनी गावच्याच एका दूधवाल्याची जुनी गाडी घेतली. हीच गाडी त्यांनी दरसाल नाकारली होती. "आक्का काय दुधाची किटली हाय व्हय, तिच्या जागंवर बसवायला?" असं म्हणून. आता त्यांनी वेल्डिंगवाल्याकडे बसून तिचा सायलेन्सर वर उचलून घेतला, मागे ट्रॅक्टरसारखे दाते असलेला टायर घातला, पुढे सडकेचा ठेवला, मागच्या सीटवर गादी शिवली आणि लुगडं चाकात जाऊ नये म्हणून जाळी बसवली. गाडी दिसायला भयंकर झाली. पण धोंड्यावरून गेली. दोनदा.

पंचमीच्या आदल्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. मी कशाला, हे मी विचारायचं केव्हाच सोडलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मी थक्क झालो. डांबरीवर ती गाडी तक्रार न करता पळाली. फाट्यावरून आत वळल्यावर खडीवर थोडी नाचली, वाळूत दादांनी पाय टेकत टेकत खेचराशी बोलावं तसं बोलत बोलत तिला काढलं, "चल माझी माय, चल", आणि मेंढरांनी तर मान वर करूनही पाहिलं नाही. वस्ती दिसली तेव्हा दादांनी गाडी थांबवून फेटा नीट केला. मला म्हणाले, "ठीक दिसतोय न्हवं?"

आक्का दारात आली. डोळ्यांवर हात धरून बघत राहिली. "कोन हाय?"

"मी हाय आक्का. न्यायला आलोय."

तिनं जवळ येऊन त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, तो मिशीवर येऊन थांबला. "पिकली की रं," म्हणाली.

मग भाकरी झाली, सगळं झालं, गाठोडं बांधून झालं. दादांनी गाडी दारात आणून उभी केली, सीट फेट्याच्या शेवानं पुसली आणि गादी, जाळी, टायर सगळं समजावून सांगितलं. आक्कानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी न्हाई बसायची."

"का? भ्या वाटतं व्हय?"

"भ्या कशाचं? आरं, ह्येच्यावर बसून भुर्रकन गेलो, तर मुराळी आला हुता ह्ये दिसंल कुनाला? तू ढकल. मी संगं चालती."

"आक्का, लय लांब हाय ग! वाळू हाय, खडी हाय!"

"मला धड दिसत न्हाई गड्या आता. पर लोकास्नी तर दिसतंय?"

आणि ज्या वाटेसाठी ती गाडी इतकी वर्षं निवडली होती, ती सगळी वाट दादांनी ती गाडी ढकलत नेली. आक्का मागच्या सीटची दांडी धरून चालत होती. मी गाठोडं घेऊन मागे. प्रत्येक दारापुढे वरात थांबायची. "माझा भाऊ. सुभेदार. न्यायला आलाय." बायका बाहेर यायच्या, गाडीला हळद-कुंकू लावायच्या, दादा घाम पुसत नमस्कार करायचे. तेच तीनदा सांगितलं तरी आक्काचा आवाज उतरत नव्हता. ओढ्यात गाडी रुतली तेव्हा मी मागून जोर लावला आणि दातेरी टायरानं मला डोक्यापासून पायापर्यंत वाळू घातली. माळावर घरं संपली, तरी ती दोघं चालतच राहिली. गाडी सुरू करायचं दोघांनाही सुचलं नाही. बोलत होती, मी मागे असल्यामुळे काय ते कळलं नाही, कोण्या जुन्या म्हशीचं काहीतरी होतं आणि दोघंही हसत होती.

फाट्यावर डांबरी लागल्यावर आक्का गाडीवर बसली, पदर घट्ट खोवून. तिच्यासाठी मी माझी जागा सोडली आणि गाठोड्यासकट एस्टीत चढलो. कराडच्या अलीकडे आमच्या एस्टीनं त्यांना मागे टाकलं. रस्त्याच्या कडेच्या बाभळीखाली गाडी उभी होती, दोघं फडकं सोडून भाकरी खात बसली होती.

गाठोडं आष्ट्याला पोचवून सांगलीला घरी पोचलो तेव्हा अंग ठणकत होतं. मी हिला सगळं सांगितलं, जरा चढवूनच सांगितलं; धोंडे, वाळू, आणि इतक्या वर्षांच्या निवडीनंतर ढकलत नेलेली गाडी. ती हसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. मग माझ्यासाठी पाणी तापत ठेवून चुलीपुढं उगाच बसून राहिली.

"आवं," म्हणाली, "माजं माहेर दोन घटकांच्या वाटंवर. पिशवी घ्यायची न् एस्टीत बसायचं. मला न्यायला कदी कोन आलंच न्हाई."

पाणी उकळायला लागलं होतं.

"दादाला इचारा की," ती लाकडं मागं ओढत म्हणाली, "गाडी डांबरीवर बी ढकलता येती का म्हणून."