देवीचं सगळे ऐकतात

अकराव्या वर्षी मी काही आठवडे देवी होते. थट्टा नाही करत. नेरूळमधल्या आमच्या चार मजली इमारतीतल्या बायका माझ्या पाया पडत होत्या आणि आपली दुःखं माझ्यासमोर मांडत होत्या.

मला ऑटिझम आहे हे एका डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. ऐकून मी रडलेबिडले नाही. आधी राग आला आणि मग ते आठवडे आठवले. नव्वदच्या दशकात हा शब्द आमच्या घरात कुणी ऐकला नव्हता. ऐकला असता तरी माझ्यासाठी वापरला नसता, कारण मी बोलत होते, पाढे म्हणत होते, वर्गात वरच्या नंबरात येत होते आणि मुलगी होते. मुलीचं काहीही बिघडलं की आपल्याकडे एकच निदान होतं: वळण नाही.

वळण नसल्याचे पुरावे मी रोज देत होते. मिक्सर सुरू झाला की कान दाबून मोरीत जाऊन बसायची. युनिफॉर्मच्या कॉलरमागची पट्टी टोचायची म्हणून मी ती दातांनी उसवली, तिच्याबरोबर निम्मी कॉलरही आली. पाहुण्यांनी कौतुकाने गाल ओढला की त्यांचा हात झटकायची. वर्गातल्या बाई म्हणायच्या, बोलताना डोळ्यांत बघ. आणि डोळ्यांत बघितलं की बाई काय बोलतायत ते मला ऐकू यायचं नाही. सगळं एकदम अंगावर आलं की मी पुढेमागे डुलायची आणि घशातून एकच सूर काढत राहायची. त्या सुराने बाकीचे आवाज जरा लांब जायचे. आईने हे आमच्या डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले. मार्क चांगले आहेत ना, मग काय टेन्शन घेता, लग्न झालं की सगळं सुटतं, असं म्हणून त्यांनी टॉनिक लिहून दिलं.

आमच्या इमारतीच्या भिंती पातळ होत्या. वरच्या घरात चमचा पडला तरी खाली कळायचं. मागच्या रस्त्यावरून न्हावा शेवा बंदराचे कंटेनर जायचे तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. मी आईला म्हणायची, आवाज बंद कर. ती म्हणायची, ट्रक मी कसे बंद करू? मग मिक्सर तरी बंद कर म्हटलं की, चटणी काय तुझ्या डोक्यावर वाटू? बोलणं तिथेच संपायचं.

त्या वर्षी नवरात्रात वडिलांची थोरली बहीण गिरगावहून राहायला आली. वडील तळोज्याला एका केमिकल कंपनीत पाळीवर जायचे, त्यामुळे घरात आई, मी आणि आत्या. आत्याला वळणाची भारी चाड. आल्या दिवशीच तिने माझ्या डोक्यावर खोबरेल थापून दोन घट्ट वेण्या घातल्या आणि लाल रिबिनींनी करकचून बांधल्या. "मुलीची जात," ती आईला म्हणाली, "उद्या परक्या घरी हिचे नखरे कोण झेलणार? आईनंच वळण लावायचं असतं." आई खाली मान घालून भाजी निवडत राहिली. वन्संपुढे ती कधीच तोंड उघडत नसे.

अष्टमीच्या संध्याकाळी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये देवीची आरती होती. छत ठेंगणं, तिन्ही बाजूंनी भिंती, मध्ये धुपाचा धूर आणि सगळ्या मजल्यांवरची माणसं. आत्याने मला पुढे ढकललं होतं. तळमजल्यावरच्या काकू माझ्या अगदी कानाशी झांज वाजवत होत्या. घंटा होती, ताशा होता, लाउडस्पीकर होता, आणि कुणी तरी स्टीलच्या ताटावर चमचा हाणत होतं. मागे सरकायला जागा नव्हती. रिबिनी टाळू ओढत होत्या म्हणून मी त्या उपटून काढल्या आणि केस मोकळे केले. डोळे मिटले. डुलायला लागले, सूर धरला, आणि झांजा वाढल्या तसा सूर वाढवला.

नवरात्रातली अष्टमी, समोर देवी, धूर, केस सोडलेली कुमारिका, घुमणारं अंग. आता त्या बायकांना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हातच जोडले असते.

"पोरीच्या अंगात आलंय," काकू ओरडल्या. कुणी तरी माझ्या कपाळावर मूठभर कुंकू थापलं. आवाज कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला. काकू माझ्यासमोर गुडघ्यांवर बसल्या होत्या. "आई, माझ्या लेकीची कूस कधी उजवेल? डॉक्टर झाले, नवस झाले. तू तरी सांग."

"बंद करा," मी म्हणाले. "सगळं बंद करा."

आणि सगळं बंद झालं. झांजा थांबल्या. घंटा कुणी तरी मुठीत धरली, लाउडस्पीकरची वायर ओढली गेली. देवीचा काय भरवसा म्हणून एकाने पंखासुद्धा बंद केला. अशी शांतता मी त्या इमारतीत कधी ऐकली नव्हती. माझं अंग आपोआप थंड झालं, डुलणं थांबलं, आणि मी डोळे उघडले तर सगळे माझ्याकडे हात जोडून बघत होते. मुलगी म्हणून तेच वाक्य मी जन्मभर सांगत आले होते. देवी म्हणून एकदा सांगितलं आणि पंख्यापर्यंत पोचलं.

पुढचे दिवस मजेचे गेले. मी जिन्यात दिसले की काकू रेडिओ बारीक करायच्या. आत्या मला "अगं ए" म्हणायची ती "बाळ" म्हणायला लागली, आणि तिनेच आईला बजावलं की मिक्सर नको, पाट्यावर वाट, देवीला चालत नाही. गाल ओढणं बंद झालं. मला ते आवडलं, का आवडू नये? आईलाही आवडलं असणार. "तुझ्या पोटी असं लेकरू यायला भाग्य लागतं," असं वन्संनी चारचौघींत म्हटलं तेव्हा आईचा चेहरा खुलला होता. तोवर माझ्यामुळे तिच्या वाट्याला फक्त बोलणीच आली होती.

पण देवीचा एक नियम होता, तो मला आत्याने ठरवलेल्या पहिल्या शुक्रवारी कळला. देवीला यावं लागतं, आणि ती यायला आवाज लागतो.

आत्याने हॉलमधला सोफा भिंतीला लावला, मधोमध पाट मांडला, खिडक्या लावून धूप पेटवला. बायका ओट्या घेऊन आल्या, टाळ वाजवत "उदो गं अंबे उदो" सुरू झालं. मी पाटावर बसून जीव मुठीत धरला होता. डुलायचं नाही, असं ठरवलं होतं. मी डुलले नाही तर या सगळ्या कंटाळून घरी जातील. पण मी डुलले नाही तर उद्यापासून पुन्हा मिक्सर, पुन्हा घट्ट वेण्या, पुन्हा वळण. देवी येईना तसा त्यांनी जोर वाढवला. माझ्या ठरवण्याला अंगाने भीक घातली नाही. मी स्वतःच्या मनगटाला चावले, तरीही अंग डुलायला लागलं.

"बंद करा" म्हटल्यावर टाळ थांबले. पण मग त्या एकेक करून माझ्या पायांना हात लावायला लागल्या, गार, ओले, हळदीचे हात. "हात लावू नका," मी ओरडले. "देवी रागावली," आत्या म्हणाली, "अजून एकदा घाला नमस्कार." देवीचंसुद्धा सोयीचं तेवढंच ऐकतात, हे मला तेव्हा समजलं.

पुढच्या शुक्रवारी मी भिंतीवर डोकं आपटून घेतलं. बायका म्हणाल्या, आज देवी फार जोरात आली.

त्या गेल्यावर आई मला मोरीत घेऊन गेली. आत्या बाहेर प्रसाद वाटत होती. आई कपाळावरचं कुंकू धूत होती, त्याच्या खाली तिच्या हाताला टेंगूळ लागलं. मग तिने माझं मनगट उलटं करून बघितलं. तिथे दातांच्या खुणा होत्या, जुन्या आणि नव्या.

"देवी येते तेव्हा तुला कळतं का गं काही?" तिने हळू विचारलं.

"देवी नाही येत. आवाज फार होतो. अंगभर होतो."

"मग सांगायचं नाहीस का?"

"सांगितलं होतं."

आईने नळ बारीक केला.

त्याच संध्याकाळी आत्याने बेत सांगितला. पुढच्या शुक्रवारी गिरगावची माणसं येणार होती, आणि तुर्भ्याहून तिने संबळवाले ठरवले होते. "नुसत्या टाळांनी देवीला कष्ट पडतात," ती म्हणाली, "संबळ वाजला की कशी सहज येईल." संबळ मला ठाऊक होता. कराडला आईच्या माहेरी गोंधळात तो मोकळ्या अंगणात वाजला होता, तरी मी दुसऱ्या दिवसापर्यंत अन्नाला शिवले नव्हते. इथे तो आमच्या हॉलमध्ये वाजणार होता. तो आठवडाभर मी शाळेत काय शिकले ते देव जाणे. आईकडे बघितलं की ती नजर चुकवायची, आणि आई वन्संसमोर काही बोलणार नाही हे मला पाठ होतं. मला भीती वाटत होती, आणि ती सांगायला एकही माणूस नव्हतं.

शुक्रवारी दुपारीच जिन्यात पावलं वाजायला लागली. आत्याने पाट मांडला होता. मी मोरीच्या दाराशी उभी होते. बेल वाजली तेव्हा आई उठली, पदर खोचला आणि दार अर्धंच उघडून उंबऱ्यात उभी राहिली. बाहेर काकू ओटीचं ताट घेऊन पुढे होत्या, मागे बायका, आणि खालच्या पायऱ्यांवर खांद्याला संबळ अडकवलेले दोघे जण.

"हिच्या अंगात देवी येत नाही," आई म्हणाली. "तुम्ही परत जा."

"वहिनी, असं नका बोलू," काकू म्हणाल्या. "कोप होतो. आमी काय उगाच येतो का?"

आत्या आतून तरातरा आली. "दारात आलेली देवी घालवतेस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"कोप झाला तर माझ्यावर होऊ दे, वन्सं."

आई स्वतः देवीला घाबरणारी बाई, मंगळवार न चुकवणारी. ते वाक्य बोलताना तिने चौकट घट्ट पकडली होती.

"देवी नाही, मग काय आहे हिला?" आत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "सांग की. वेड लागलंय?"

सगळ्या आईच्या तोंडाकडे बघत होत्या. आईजवळ शब्द नव्हता. तो शब्द जगात कुठे तरी होता, डॉक्टरांच्या पुस्तकांत होता, पण आमच्या जिन्यापर्यंत पोचायला त्याला अजून तीसेक वर्षं लागणार होती. देवी म्हटलं असतं तर पोरीचा मान राहत होता. नाही म्हटलं तर वेडी किंवा वाह्यात, तिसरं काही त्या जिन्यात कुणाला माहीत नव्हतं.

"काय आहे ते मला ठाऊक नाही," आई म्हणाली. "आवाज तिला भाजतो, एवढं मला कळलंय. तिनं सांगितलंय मला."

काकूंनी आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. "खरंच नाय येत का गं देवी? माझ्या लेकीचं मग..."

सगळ्यांत अवघड ते होतं. मला कळत होतं की काकूंना काय हवंय. एक "होईल" म्हटलं असतं तर त्या हसल्या असत्या. माझ्याच्याने ते म्हणवेना.

"नाही, काकू," मी म्हणाले. "तुमच्या लेकीचं मला काही माहीत नाही."

त्यांनी ताटावर पदर ओढला आणि त्या उतरायला लागल्या. त्यांच्यामागे बाकीच्या. "पोरीची नाटकं, आणि आई सामील," असं कुणी तरी मुद्दाम मोठ्याने म्हणालं. आत्या आत जाऊन आपली बॅग भरू लागली. संबळवाले वळताना एकाचा संबळ कठड्यावर आदळला, आणि तो दणका सबंध जिन्यात घुमला. मी कान दाबून खाली बसले.

आईने मागे वळून माझ्याकडे बघितलं. आमच्या दाराची कडी लावताना खाडकन वाजायची, सगळ्या इमारतीला कळायचं. तिने ती कडी दोन्ही हातांत धरली, आणि कसलाही आवाज होऊ न देता हळूहळू सरकवली.