भजनी मंडळाची वही कुणाच्या हाती गेली?

मंडळी, आज सकाळी पोळ्या लाटत असताना फोन वाजला. नंबर अनोळखी, तरी उचलला.

"नमस्कार, बेबीअक्का! जेवण झालं का?" गोड मराठी आवाज.

बेंगळुरात फोनवर मराठी ऐकलं की मी विरघळते. "नाही गं, पोळ्या चालल्यात. कोण तू?" विचारलं, तर तिचं आपलं सुरूच, "येलहंक्याजवळ आमचे सुंदर प्लॉट आहेत..." मी बोलतेय, तीही बोलतेय. मशीन होतं ते!

मशीनचं एक वेळ सोडा. पण बेबी हे माझं लाडाचं नाव. बँकेत नाही, आधारवर नाही. नंबरासकट लिहिलंय ते फक्त आमच्या भजनी मंडळाच्या वहीत.

लगेच मंडळ चालवणाऱ्या शांताक्कांना फोन लावला. त्या हसल्या. "अगं, त्या प्लॉटवाल्यांनी मंडळाला नवी पेटी दिली. वही मागितली, दिली. स्वल्प अ‍ॅडजस्ट कर!"

पंधरा वर्षं सोबत टाळ कुटले, आणि एका पेटीपायी आम्हाला विकलं? तोंडाला येईल ते बोलले आणि फोन आपटला.

तोच पुन्हा वाजला. पुण्याहून नुकतीच इथे मल्लेश्वरमला राहायला आलेली मृणाल. वहीत नंबर लिहायला ती कचरत होती, तेव्हा मीच तिच्या हातात पेन दिलं होतं.

"काकू, सकाळपासून त्या मशीनचे तीन फोन आले. तुम्ही म्हणाला होतात ना, आपलीच माणसं आहेत?"

शांताक्कांना फडाफडा बोलले होते. मृणालला मात्र "पोळी करपतेय गं, नंतर बोलते" म्हणून फोन ठेवला. तुम्ही तिला काय सांगितलं असतं?